वाकणाऱ्या जहाजातली शाफ्टची ओळ
(प्रस्तावना)

डोंगरकडा हे कळमनुरी तालुक्यातले गाव. नांदेडहून हिंगोलीकडे निघालात की अर्धापूर ओलांडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा दिसू लागतात, मध्ये उसाचे आणि हळदीचे पट्टे येतात. इथून मुंबईचा समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरहून दूर आहे. या गावी बसून जहाजाच्या शाफ्टविषयी लिहायचे म्हटले की पहिला प्रश्न साहजिकच येतो: आपला आणि याचा संबंध काय? वाचकांनी हा प्रश्न मनात ठेवूनच पुढे यावे. या विषयाचे मूळ तत्त्व इथल्या शेतकऱ्याच्या खांद्याला आधीच माहीत आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

वीस फुटी लोखंडी पाइप तीन माणसांनी खांद्यावर घेऊन शेतातून नेताना तुम्ही पाहिले असेल, कदाचित स्वतः नेलाही असेल. तिघांची उंची सारखी, जमीन सपाट, दोघे टोकांना आणि एक बरोबर मधोमध. अशा वेळी पाइपाचे वजन तिघांत सारखे वाटले जात नाही. मधल्या माणसावर एकूण वजनाचे पाच-अष्टमांश, म्हणजे ६२.५ टक्के वजन येते. टोकांच्या दोघांच्या वाट्याला तीन-तीन षोडशांश. आता मधल्याचा पाय सरीत गेला, खांदा दोन बोटे खाली आला. क्षणात त्याचे ओझे हलके होते आणि ते टोकांच्या दोघांवर जाते. पाइप तोच, माणसे तीच, वजनही तेवढेच. पायाखालची जमीन बदलली म्हणून ओझ्याची वाटणी बदलली. पाइप वाकेल असा बारीक असता तर मधल्याचा खांदा थोडा खाली गेल्याने फारसे बिघडले नसते. पाइप जितका जाड आणि ताठ, तितका जमिनीचा लहानसा उंचसखलपणाही खांद्यांना जास्त जाणवतो.

जहाजाच्या शाफ्टचे सारे शास्त्र या चित्रात बीजरूपाने आहे. पाइपाच्या जागी शाफ्ट ठेवा, खांद्यांच्या जागी बेअरिंग आणि जमिनीच्या जागी जहाजाचा तळ. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची: ही जमीन स्वतःच हलती आहे.

आधी मांडणी समजून घेऊ. मोठ्या मालवाहू जहाजात इंजिन मागच्या बाजूला तळाशी असते. त्याच्या क्रँकशाफ्टला जोडून मधला शाफ्ट निघतो, तो एक किंवा अधिक बेअरिंगवर टेकत मागे जातो आणि शेवटी स्टर्न ट्यूब नावाच्या नळीतून जहाजाबाहेर पडतो. बाहेरच्या टोकाला प्रोपेलर असतो. हा प्रोपेलर शेवटच्या बेअरिंगच्याही पलीकडे अधांतरी लटकलेला असतो, आणि त्याचे वजन काही किरकोळ नसते. ‘एमा मर्स्क’ या प्रसिद्ध कंटेनर जहाजाचा प्रोपेलर सुमारे १३० टनांचा आहे. एवढे वजन टोकाला लटकल्यावर शाफ्ट मागे झुकणारच, आणि स्टर्न ट्यूबमधले शेवटचे बेअरिंग हे साऱ्या ओळीतले सर्वांत कष्टाचे ठिकाण ठरणार. हा सारा भार पेलत शाफ्टने रात्रंदिवस, महिनोन्‌महिने फिरत राहायचे. तेही बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामधल्या तेलाच्या अगदी पातळ थरावर.

आता त्या हलत्या जमिनीकडे वळू. बंदरात उभे असलेले जहाज पोलादाचा अचल डोंगर वाटते, पण ते लांब तुळईसारखे वाकत असते. त्यात भरलेल्या मालाचे वजन आणि पाण्याने खालून दिलेला आधार यांचे एकूण माप जुळते, पण जागोजागी जुळत नाही. कुठे वजन जास्त, कुठे आधार जास्त. मधला भाग वर येऊन दोन्ही टोके खाली झुकली तर त्याला हॉगिंग म्हणतात. मधला भाग खाली जाऊन टोके वर राहिली तर सॅगिंग. बैलाची पाठ आणि झोळीचे पोट अशी दोन चित्रे डोळ्यांसमोर ठेवली की हे शब्द विसरत नाहीत. तेलवाहू जहाज रिकामे, म्हणजे केवळ तोल राखायला भरलेले बॅलास्टचे पाणी घेऊन चालते तेव्हा साधारणपणे ते पाठ वर काढते. टाक्या भरल्या की पोट खाली सोडते. खवळलेल्या समुद्रात लाटेचा माथा मध्याखाली आला की टोकांखाली आला, यावरही हे बदलत राहते.

जहाज वाकते ही गोष्ट आपल्या किनाऱ्याला नवी नाही. मुंबईत वाडिया घराण्याने मलबारच्या सागवानातून बांधलेली जहाजे जगभर नावाजली गेली. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली ‘एचएमएस त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट १८१७ साली पाण्यात उतरली. इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे ती आजही तरंगते आहे. लाकडी जहाजांची पाठ वर्षानुवर्षांत वर येते, सांधे सैलावतात, हे त्या काळच्या सुतारांना पक्के ठाऊक होते, आणि कण्याला कमान आली म्हणजे जहाज म्हातारे झाले, अशी त्यांची परीक्षा असे. पण शिडाच्या जहाजात कण्याजवळून फिरणारा लांब शाफ्ट नव्हता. त्यामुळे कमान आली तरी बिघडायचे ते सांध्यांचे.

पुढे वाफ आली. नवरोजी जमशेटजी वाडिया यांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८२९ साली मुंबईत तयार झाली आणि मार्च १८३० मध्ये मुंबईहून निघून एडनमार्गे सुएझला पोहोचली. तिला बाजूची चाके होती, म्हणजे तिचा शाफ्ट जहाजाच्या लांबीला आडवा होता आणि आखूड होता. त्याच घराण्यातले अर्देशिर कर्सेटजी वाडिया यांनी आगबोटींच्या यंत्रांचे काम आपलेसे केले. १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. नंतरच्या दशकांत बाजूची चाके मागे पडून मागचा प्रोपेलर आला, आणि शाफ्ट जहाजाच्या लांबीच्या दिशेने वळला. ज्या दिशेने जहाज सर्वांत जास्त वाकते, त्याच दिशेने शाफ्ट पसरला. आपला विषय जन्मला तो या वळणावर.

हे वाकणे किती असते? वाचकांनी घाबरू नये, हिशेब साधा आहे. पोलाद एक अंश सेल्सिअस तापले की दर मीटरला सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. समजा, १५० मीटर लांब आणि तळापासून डेकपर्यंत १२ मीटर उंच असे जहाज मे महिन्याच्या दुपारी उभे आहे. उन्हाने डेक तळापेक्षा १० अंशांनी जास्त तापला आणि मधले तापमान खालून वर एकसारखे वाढत गेले. वरचा भाग लांबला, खालचा तसाच राहिला, म्हणून जहाजाने पाठ वर काढली. टोकांच्या मानाने मध्य सुमारे २८ मिलिमीटर वर येतो. एवढ्या मोठ्या जहाजाला याचे काही वाटत नाही. पण हीच कमान मागच्या ३० मीटर शाफ्टपुरती मोजली, तर मधल्या आधाराची जागा टोकांच्या मानाने सुमारे एक मिलिमीटर सरकलेली निघते. ताठ शाफ्टच्या बाबतीत मिलिमीटरच्या दहाव्या भागानेही बेअरिंगवरचे वजन बदलते, हे लक्षात घेतले की एक मिलिमीटर किती मोठा, ते कळते. शाफ्टच्या मध्यरेषेचे मोजमाप पहाटे किंवा रात्री, सारे पोलाद एका तापमानाला आल्यावर करायचे, हा गोदीतला जुना दंडक आहे. त्यामागचे कारण हेच.

ऊन हे एक कारण झाले. दुसरे कारण पाण्याची खोली. माल भरला की जहाज खोल बसते, तळावरचा पाण्याचा दाब वाढतो आणि इंजिन रूमखालचा दुहेरी तळ स्थानिक पातळीवरही वाकतो. तिसरे कारण खुद्द इंजिन. थंड असताना जुळवलेले इंजिन चालून गरम झाले की त्याची बैठक फुगते आणि क्रँकशाफ्टची बेअरिंग मिलिमीटरच्या काही दशांशांनी वर उचलली जातात. मागच्या स्टर्न ट्यूबला मात्र समुद्राचे पाणी थंड ठेवते. म्हणजे एकाच शाफ्टचे एक टोक वर जाते, दुसरे जागेवर राहते. चौथे कारण चालीचे. पूर्ण वेगात जहाज कडक वळण घेते तेव्हा प्रोपेलरवर येणारा पाण्याचा जोर मध्यरेषेपासून सरकतो आणि शेवटच्या बेअरिंगवर शाफ्टला तिरपा दाबतो.

गेल्या काही दशकांत हा प्रश्न अधिक नाजूक झाला आहे, आणि त्याचे कारण प्रगतीतच आहे. उच्च ताकदीचे पोलाद आणि संगणकावरचे हिशेब यांमुळे जहाजाची काया हलकी करता आली; मजबुती राहिली, ताठरपणा कमी झाला. उलट इंजिने मोठी झाली, शाफ्ट जाड झाले, आणि मालाला जास्त जागा मिळावी म्हणून इंजिन रूम आखूड होऊन बेअरिंग एकमेकांजवळ आली. जमीन मऊ झाली आणि पाइप ताठ झाला, असे म्हणा ना. मग एखाद्या बेअरिंगवरचे वजन पार निघून जाते आणि शेजारच्यावर दुप्पट पडते. मोठ्या तेलवाहू जहाजांत इंजिनची सर्वांत मागची मुख्य बेअरिंग खराब होण्याचे प्रकार घडले, तेव्हा जहाजांची तपासणी व वर्गवारी करणाऱ्या संस्थांनी तळाचे वाकणे शाफ्टच्या हिशेबात धरण्याचा आग्रह वाढवला. अमेरिकन ब्युरो ऑफ शिपिंगने २००० नंतरच्या दशकात या एकाच विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिका काढली.

यावर उपाय काय? इथे या क्षेत्रातला सर्वांत सुंदर विचार येतो, आणि या प्रस्तावनेत मला मुख्यतः हेच सांगायचे आहे. सारी बेअरिंग सुताच्या रेषेत लावली म्हणजे काम चोख झाले, असे नवख्याला वाटते. शाफ्ट जुळवणारा जाणकार मात्र सुरुवातीलाच काही बेअरिंग ठरवून खाली, काही वर ठेवतो. आज गोदीत जी ओळ किंचित वाकडी दिसते, ती माल भरल्यावर, इंजिन तापल्यावर, लाटांवर चढल्यावर प्रत्येक बेअरिंगला त्याच्या ऐपतीचे वजन देणारी असावी, एवढाच त्याचा आग्रह असतो. शेवटच्या बेअरिंगचे छिद्रही पुष्कळदा मुद्दाम तिरपे पाडतात, म्हणजे प्रोपेलरच्या वजनाने झुकलेला शाफ्ट त्याच्या काठावर न टेकता सबंध लांबीवर बसतो. शाफ्टचा उतार आणि बेअरिंगचा उतार यांत मीटरमागे ०.३ मिलिमीटरहून जास्त फरक नसावा, असा संकेत पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. शाफ्टची अलाइनमेंट म्हणजे वजनाची न्याय्य वाटणी. रेषा हे त्या वाटणीचे साधन आहे.

वजन नीट वाटले गेले की नाही, हे डोळ्यांनी दिसत नाही. ते जॅक लावून विचारावे लागते. ही चाचणी एकदा जवळून पाहा. मधल्या बेअरिंगशेजारी शाफ्टखाली हायड्रॉलिक जॅक बसवतात, वर डायल गेजची सुई टेकवतात. एक जण हळूहळू पंप मारतो, दुसरा दाब वाचतो, तिसरा डायल वाचतो, आणि प्रत्येक टप्प्याला दोन्ही आकडे वहीत उतरतात. आधी दाब वाढतो आणि सुई जेमतेम हलते, कारण बेअरिंग अजून वजन सोडायला तयार नसते. मग एका क्षणी शाफ्ट बेअरिंगवरून पुरता सुटतो आणि थोड्या दाबाला सुई झपझप चालू लागते. सारी उचल एक मिलिमीटरच्या आत. तसाच जॅक उतरवत पुन्हा आकडे घेतात. घर्षणामुळे चढतीची आणि उतरतीची रेघ वेगळी पडते, म्हणून दोन्हींचा मध्य काढतात. आलेखावर शाफ्ट सुटल्यानंतरची सरळ रेघ मागे शून्य उचलीपर्यंत वाढवली आणि जॅक व बेअरिंग यांतल्या अंतराचा हिशेब धरला, की त्या बेअरिंगवर किती टन वजन होते ते मिळते. सर्वांत मागच्या बेअरिंगपर्यंत जॅक पोहोचत नाही, ते नळीच्या आत असते. म्हणून शाफ्टवर स्ट्रेन गेज चिकटवून त्याचे वाकणे मोजतात आणि त्यावरून न दिसणाऱ्या बेअरिंगचा भार काढतात.

या साऱ्याचा अनुभव मुंबईच्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या साठत आला आहे. १९६० साली सरकारी मालकीच्या झालेल्या माझगाव डॉकने बांधलेली ‘आयएनएस निलगिरी’ १९७२ साली नौदलात दाखल झाली. २०२१ च्या नोव्हेंबरात तिथलीच ‘आयएनएस विशाखापट्टणम’ दाखल झाली. ही विनाशिका १६३ मीटर लांब असून तिला दोन शाफ्ट आहेत. युद्धनौकेची काया निमुळती आणि हलकी. शाफ्ट लांब, आणि त्यांचा बराच भाग जहाजाबाहेर पाण्यात, कमानीसारख्या आधारांवर. तेलवाहू जहाजापेक्षा प्रश्न वेगळा, तत्त्व तेच. जहाजांची वर्गवारी करणारी आपली संस्था इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग १९७५ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय मुंबईत पवईला आहे. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत यंत्रशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी हे मनावर घ्यावे. या विषयाचे नियम जिथे लिहिले जातात, तपासले जातात आणि प्रत्यक्षात उतरतात, अशी ठिकाणे आपल्याच राज्यात आहेत, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

वाचकांनी या विषयाकडे कसे यावे, याबद्दल दोन शब्द. सुरुवात सूत्रांनी करू नका. आधी एक लाकडी पट्टी घ्या, तीन पुस्तकांवर टेकवा, मधल्या पुस्तकाखाली एकेक कागद सरकवत जा आणि टोके कधी अधांतरी होतात ते पाहा. मग तीन आधारांच्या तुळईचा हिशेब करा. पाच-अष्टमांश स्वतः काढता आले की पुढची अर्धी वाट सोपी होते. त्यानंतर एक आधार एक मिलिमीटर खाली गेल्यास प्रत्येक बेअरिंगवर किती वजन वाढते वा घटते, याचा तक्ता मांडायला शिका. या विषयाचा पाढा तोच. मोठमोठी संगणकीय प्रणालीही शेवटी तोच तक्ता भरते. जहाजाच्या वाकण्याचा भाग त्यानंतर घ्यावा. कोणताही आकडा वाचताना मात्र एक प्रश्न न विसरता विचारा: हे माप कोणत्या स्थितीतले आहे? जहाज कोरड्या गोदीत ठोकळ्यांवर होते की तरंगत होते, रिकामे की भरलेले, इंजिन थंड की गरम? स्थिती न सांगितलेला आकडा अर्धवट आहे, असे समजावे.

शब्दांविषयीही थोडे सांगायला हवे. शाफ्ट, बेअरिंग, कपलिंग, जॅक, शिम हे शब्द मी तसेच ठेवले आहेत, कारण गोदीतला फिटर आणि वारंगा फाट्यावरचा मोटार दुरुस्त करणारा, दोघेही तेच बोलतात. त्यांच्या तोंडी रुळलेला शब्द काढून नवा घडवला तर ज्यांच्यासाठी लिहायचे तेच दूर जातील. ज्यांना जहाज कधी पाहायलाही मिळाले नाही, त्यांच्यापर्यंत ही विद्या मराठीतून पोहोचावी, अशी माझी इच्छा आहे.

शेवटी पुन्हा आपल्या शिवारात येऊ. मोटार आणि पंप एका बैठकीवर ठेवून कपलिंगला पट्टी लावली, फट मोजायचा फिलर फिरवला, पातळ पत्र्याचे शिम घालून दोन्ही तोंडे जुळवली, बोल्ट आवळले. काम झाले असे वाटते. मग त्याला जड पाइपलाइन जोडली जाते, पाणी भरते, पाइप आपल्या वजनाने पंपाला ओढतो, आणि सकाळी जुळलेले कपलिंग संध्याकाळी जुळलेले राहत नाही. म्हणून जाणता मिस्त्री पाइप जोडून झाल्यावर पुन्हा एकदा फिलर लावतो. माझगावच्या गोदीत असो की तुमच्या विहिरीवर, जहाज तरंगल्यावर आणि पाइप भरल्यावर जे माप घेतले जाते, तेच खरे. पुढच्या वेळी तो मिस्त्री दुसऱ्यांदा वाकून फिलर लावताना दिसला, तर क्षणभर थांबून पाहा. या विषयाचा पहिला धडा तुम्ही तिथेच गिरवलेला असेल. पुढची पाने त्याच धड्याचा विस्तार आहेत, आणि त्यांत तुमचे मनापासून स्वागत आहे.

डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली